जलदुर्गाचे छायाचित्र आणि तिथीचा हिशेब

कोकणातील कोणत्याही बंदराच्या गावी, मग ते अलिबाग असो, मुरूड असो वा मालवण, दिवस कलण्याच्या सुमारास किनाऱ्यावर गेले म्हणजे पन्नास-शंभर माणसे पश्चिमेकडे तोंड करून, हातातला कॅमेरा किंवा मोबाइल उंचावून उभी असलेली दिसतात. सूर्य पाण्याला टेकतो, आकाश केशरी होते, आणि त्या केशरी पटावर जलदुर्गाची काळी आकृती उमटताच सर्वांची छायाचित्रे एकाच क्षणी निघतात. हा मोह मलाही कित्येक वर्षे सुटला नव्हता. पुढे एकदा अशी जमलेली छायाचित्रे पुढ्यात मांडून बसलो असता ध्यानात आले, की यांतला अलिबागेचा कुलाबा कोणता आणि मालवणचा सिंधुदुर्ग कोणता हे मागची नोंद वाचल्यावाचून मलाच सांगता येत नाही. सूर्यास्त सगळ्यांत होता. चिरा, बुरूज, दरवाजा, तटावरची जंग्यांची रांग यांतले काहीच कोणत्याही चित्रात नव्हते.

याचे कारण आपल्या किनाऱ्याच्या रचनेतच आहे. सह्याद्री पूर्वेस आणि दर्या पश्चिमेस असा हा मुलूख असल्यामुळे किनाऱ्यावरून आपल्याला किल्ल्याची जी बाजू दिसते ती त्याची पूर्वेकडील बाजू असते, आणि तिच्यावर ऊन पडते ते सकाळी. मावळतीच्या वेळी ती बाजू सर्वस्वी छायेत जाते व तिच्यामागील आकाश तेवढे उजळलेले राहते. म्हणून ज्याला आकाशाचे रंग हवे असतील त्याने संध्याकाळी खुशाल जावे, परंतु ज्याला किल्ला हवा असेल त्याने पहाटे उठलेच पाहिजे.

पहाटे उठूनही भागत नाही, हे मला अलिबागेच्या पुळणीवर एका वृद्ध कोळ्याने शिकवले. भल्या सकाळी कुलाब्याकडे चालत जाण्याच्या उद्देशाने मी गेलो, तो किल्ल्याभोवती पुरुषभर पाणी. तेव्हा त्याने मला जवळ बोलावून, आज अष्टमी आहे, सकाळी भरतीच असायची, दुपारी बाराला या, असे शांतपणे सांगितले. हा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसांना पाठ असतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते: द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढे साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. ठिकाणाप्रमाणे यात थोडाफार फरक पडतो. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, तोच नियम या पाऊणपटीत बांधलेला आहे.

आता या हिशेबाची छायाचित्रकाराच्या गरजेशी सांगड घालून पाहावी. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती जशी मोठी तशी ओहोटीही खोल. आणि द्वितीयेच्या सुमारास तीच खोल ओहोटी सकाळी साडेसातच्या आगेमागे येते, म्हणजे ऊन नुकतेच डोंगरावरून खाली उतरलेले असते त्याच वेळी. उजेड आणि वाट या दोन्ही गोष्टी एका सकाळी मिळण्याचे योग महिन्यातून असे दोनदाच येतात, आणि ते पंचांगाशिवाय साधत नाहीत.

कुलाब्याचा तट जवळून पाहण्याजोगा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली या दुर्गाचे काम सुरू करविले, संभाजी महाराजांच्या अमलात ते पुरे झाले, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे ठरले. या तटाचे प्रचंड चिरे चुन्याने न सांधता नुसते एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडतो. या फटी हेच त्या स्थापत्याचे मर्म होय; परंतु माथ्यावरच्या उन्हात त्या अदृश्य होतात आणि समोरून पडलेल्या उन्हात सपाट दिसतात. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो तेव्हा दक्षिणेकडच्या तटावर ऊन तिरपे घासून जाते, प्रत्येक फटीत सावली भरते, आणि बांधणाऱ्याची युक्ती चित्रात वाचता येते. किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवरील दोन तोफा आहेत, त्यांवरची अक्षरेही अशाच तिरप्या उजेडात टिपावीत. ती यॉर्कशायरातील लो मूर येथील लोखंडी कारखान्याची आहेत. तो कारखाना १७९१ साली निघाला आणि कान्होजी तर १७२९ सालीच निवर्तले होते. तेव्हा चित्राखाली कान्होजींच्या तोफा असे लिहिणे चुकीचे ठरेल, आणि ती चूक टाळण्याचे साधन त्या अक्षरांच्या छायाचित्रातच आहे.

सिंधुदुर्गाची गोष्ट निराळी. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याचा पाया घातला गेला, त्या या दुर्गाचा दरवाजा गावाच्या बाजूला असूनही होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, कारण बाहेर आलेल्या तटाने त्याला पोटाशी घेतले आहे. शत्रूला फसविण्यासाठी केलेली ही योजना एका छायाचित्रात कधीच सामावणार नाही. होडी धक्क्यावरून निघाली की एक, अर्ध्या वाटेवर एक, तट अंगावर येतो तेव्हा एक आणि वळण घेताच दरवाजा उघडा पडतो तेव्हा एक, अशी चार चित्रे क्रमाने घेऊन शेजारी शेजारी लावली, तरच ती पाहणाऱ्याला कळेल.

साहित्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. कॅमेरा वरच्या दिशेने कलता धरला की तट मागे कलल्यासारखा दिसतो, म्हणून शक्य तितके दूर सरावे आणि कॅमेरा सरळ धरावा. तटाजवळ एखादा माणूस उभा असू द्यावा, म्हणजे उंचीचा अदमास येतो. खारा वारा भिंगावर पातळ थर धरतो आणि पावसाळी दमटपणाने भिंगात बुरशी येते, याकरिता घरी परतताच सर्व पुसून कोरडे करून ठेवावे. पाऊस सरल्यावर आश्विन-कार्तिकात हवा धुतल्यासारखी असते आणि जांभ्याचा रंग खुलतो. फाल्गुनानंतर धूसरपणा वाढतो. मासळीच्या लिलावात गुंतलेल्या कोळिणींचे चित्र घ्यायचे असेल, तर हर्णैच्या पुळणीवर काय किंवा अन्यत्र काय, आधी विचारावे.

परंतु मला खरी तळमळ आहे ती किल्ल्यांहून निराळ्या वास्तूंविषयी. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले दाखल झाले आणि त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार सागरी दुर्ग आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांची चित्रे यापुढे हजारोंनी निघतील. बंदर मात्र केवळ किल्ल्याने होत नाही. वेंगुर्ल्याची डच वखार आज भग्नावस्थेत आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत, गिर्ये गावाच्या हद्दीत, मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. भरतीच्या वेळी तेथे नुसते पाणी दिसते, आणि ओहोटीला तिच्या भिंतीची रेषा उघडी पडते, म्हणून तिथीचा हिशेब येथे कुलाब्याइतकाच उपयोगी पडतो. शिवाय गावोगावचे जुने धक्के, जकातीच्या कचेऱ्या, मुंबईच्या आगबोटीची वाट पाहत उतारू जेथे बसत ते ओटे, कौलारू गुदामे, यांना ना कोणी संरक्षित केले आहे, ना त्यांचे चित्र कोणी काढतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसे तिच्यात होती, म्हणजे ही विद्या आपल्याकडे येऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. एवढ्या दीर्घ काळात आपल्या बंदरांचे सलग चित्रदप्तर मात्र आपण तयार केले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे, की पुढल्या खेपेस कोकणात गेलात म्हणजे सूर्यास्ताचे एक चित्र जरूर घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावच्या जुन्या धक्क्याचे एक घ्या. त्यावर गावाचे नाव, तारीख, वेळ आणि तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून उभे होता हे लिहा, आणि त्याची एक प्रत तेथल्या सार्वजनिक वाचनालयात देऊन या. घरच्या जुन्या पेटीत आगबोटीच्या, पडावांच्या किंवा बंदरावरील गर्दीच्या काळ्यापांढऱ्या प्रती असतील, तर त्यांतल्या माणसांना ओळखणारे कोणी घरात आहे तोवर त्यांच्या मागेही त्या माणसांची नावे आणि हा मजकूर लिहून घ्या.