वळणावरचा आवाज

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची चाके आसावर आपापली फिरतात आणि ओढायचे काम बैल करतात. मोटारीत मात्र चाकांनाच गाडी पुढे न्यावी लागते, आणि अडचण तिथे सुरू होते. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल, तर पूर्ण वर्तुळ फिरून येताना हा फरक सुमारे ८.८ मीटर भरतो. वर्तुळ लहान असो वा मोठे, फरक तेवढाच. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली, तर दर वळणाला एक चाक फरफटणार.

ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावरच्या उपायाचे पेटंट घेतले. आजही तत्त्व तेच आहे. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवते. क्राऊनला एक पिंजरा जोडलेला असतो व त्यात छोटी दातेरी चाके असतात. सरळ रस्त्यावर पिंजरा एकसंध फिरतो. वळणावर ही छोटी चाके स्वतःभोवतीही फिरू लागतात. आतल्या चाकाचे जेवढे फेरे कमी होतात, तेवढेच बाहेरच्याला मिळतात.

ही वाटणी फेऱ्यांची झाली. जोर मात्र दोघांना सारखाच मिळतो. त्यामुळे एक चाक चिखलात गरगरू लागले की दुसरे कोरड्या जमिनीवर असूनही हतबल होते. यासाठी काही गाड्यांत पिंजऱ्यात एकमेकींवर दाबलेल्या तबकड्या बसवतात. त्यांचे घर्षण दोन चाकांतला फरक मर्यादेत ठेवते. अशा गाड्या सावकाश, आखूड वळण घेताना कधी कधी थरथरतात, कुरकुरतात.

हा आवाज निघतो कसा, हे मला सारंगीच्या गजावरून नीट उमगले. गजाला राळ लावतात, ती तार धरून ठेवण्यासाठी. गज तार ओढतो, ताण वाढला की ती निसटते, पुन्हा धरली जाते. या धर-सोडीतून सूर उमटतो. तबकड्यांचेही तसेच. चिकटून राहताना घर्षण जास्त आणि सरकताना कमी असेल, तर त्या धक्क्याधक्क्याने सरकतात. तेलात घालायचे घर्षण-नियंत्रक द्रव्य राळेच्या उलट काम करते. त्याच्या लांबट रेणूंचे एक टोक तबकडीच्या पृष्ठभागाला धरते, शेपूट तेलात राहते. मखमलीच्या लवेसारखा थर तयार होतो आणि सरकण्याची सुरुवात मऊ होते. द्रव्य प्रमाणाबाहेर घातले, तर तबकड्यांची पकडच ढिली पडते.

म्हणूनच ‘आवाज आला की बाटली ओता’ हा सल्ला मला घातक वाटतो. डिफरन्शियलचे आवाज अनेक प्रकारचे असतात. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना बदलणारा हुंकार क्राऊन-पिनियनच्या दातांचा. गाडी उचलताना येणारा ‘खट्’ दातांमधल्या वाढलेल्या फटीचा. यातल्या कशालाही हे द्रव्य बरे करत नाही; तबकड्या नसलेल्या साध्या डिफरन्शियलमध्ये तर त्याला कामच नाही.

दातांची काळजी वेगळी द्रव्ये घेतात. पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये आपल्या मोटारींत हायपॉइड दाते आणले. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसते. असे दाते एकमेकांवर जोराने घसरतात, साधे वंगण तिथे टिकत नाही. म्हणून गिअर तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे असतात. त्याचा उग्र वास गंधकाचाच.

रोआल्ड डालच्या ‘मटिल्डा’मध्ये मटिल्डाचा बाप जुन्या मोटारी विकताना गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालतो. गिऱ्हाईक दूर जाईपर्यंत गाडी गुळगुळीत चालते. भुशाने आवाज दबतो, झीज चालूच राहते. चुकीच्या जागी ओतलेली बाटलीही यापेक्षा फारसे वेगळे करत नाही, फक्त फसणारा आणि फसवणारा एकच असतो.

तेव्हा बाटली घेण्याआधी जुने तेल काढून पाहावे. तळाच्या चुंबकी बुचावर करडा, मऊ गाळ असेल, तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे लागले, तर गाडी उघडावीच लागेल.