जुना संगणक भंगारात काढण्याआधी

गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावात घरचा संगणक बहुधा एकदाच घेतला जातो. मुलीच्या एमएस-सीआयटीसाठी किंवा मुलाच्या डिप्लोमासाठी आलेले ते यंत्र पुढे आठ-दहा वर्षे घरात राहते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नियमित मोफत अपडेट बंद केले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८च्या आसपासचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालते संगणक अडगळीत जाऊ लागले आहेत. त्यांच्यासाठी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही मोफत प्रणाली हा भक्कम पर्याय आहे. पण त्याचे नाव काढले की ऐकीव गोष्टीच जास्त पुढे येतात, काही भीती घालणाऱ्या, तर काही फाजील कौतुकाच्या. दोन्ही तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज १ : फुकट मिळते म्हणजे चोरीचे किंवा कच्चे असणार.

वस्तुस्थिती : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि पुढच्याच वर्षी तो जीएनयूच्याच जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला केला. हे सॉफ्टवेअर वापरणे, त्याचा कोड वाचणे, त्यात बदल करणे आणि दुसऱ्याला देणे हे चारही हक्क या परवान्याने मिळतात. म्हणजे शेजाऱ्याला पेनड्राइव्हवर कॉपी करून दिले तरी ते पूर्णपणे कायदेशीर आहे.

दर्जाचे म्हणाल, तर तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सर्वच्या सर्व नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर आहेत. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियन या लिनक्सच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ मध्येच आणली.

चोरीचा प्रश्न येतो तो ‘क्रॅक’ करून टाकलेल्या विंडोजबाबत. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार गुन्हा आहे. त्यातही क्रॅकच्या फाइलमधून संगणकात काय शिरले, हे वापरणाऱ्याला कळतही नाही.

गैरसमज २ : काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करता आल्या तरच लिनक्स चालवता येते.

वस्तुस्थिती : पंचवीस वर्षांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. आज लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार सुरू केला की खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, फाइलींचे फोल्डर असा ओळखीचाच पडदा दिसतो. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मिंटमध्ये आधीपासूनच असतात. नवे सॉफ्टवेअर ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधून फोनच्या प्ले स्टोअरसारखे घेता येते.

खरी गंमत आहे ती हवे तसे बदल करण्यात. आजोबांना अक्षरे बारीक दिसतात? सेटिंगमध्ये त्यांचे आकारमान वाढवा. खालची पट्टी वर हवी? हलवा. मुलांचे आणि आईचे खाते वेगळे ठेवा, प्रत्येकाचा पडदा वेगळा राहील. पूर्ण रूपच बदलायचे असेल तर सिनॅमन, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा असे ‘डेस्कटॉप’ उपलब्ध आहेत. त्यांपैकी एक्सएफसीई हलका असल्याने जुन्या यंत्राला मानवतो. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असेल तर काम सुखाने होते. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर फरक डोळ्यांना दिसतो. फार जुन्या ३२-बिट यंत्रांना मात्र बहुतेक प्रमुख लिनक्सनी आता सोडून दिले आहे. त्यामुळे आपला प्रोसेसर ६४-बिट आहे ना, हे आधी पाहावे.

आपल्याकडे महत्त्वाची आणखी एक गोष्ट म्हणजे, मिंट मुळात तुम्ही होकार दिल्याशिवाय अपडेट बसवत नाही. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ज्यांचे घर चालते, त्यांना ही सोय मोठी आहे.

गैरसमज ३ : लिनक्सवर मराठी नीट येत नाही.

वस्तुस्थिती : युनिकोड मराठी उत्तम येते, आणि त्यामागे मराठी मुलखातल्या लोकांचेही काम आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षे वापरला जाणारा ‘लोहित देवनागरी’ हा फाँट रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी सांभाळला. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा देखणा फाँटही खुल्या परवान्याचा आहे.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट जोडा आणि ‘दऱ्या’ हा शब्द लिहून पाहा. ‘द’नंतर शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग तिरक्या रेघेचे बटण, आणि शेवटी काना. पहिल्याने ऱ येतो, दुसऱ्याने त्याचा पाय मोडतो, तिसऱ्याने य जोडला जातो. मराठीचा तो अर्धा र जागच्या जागी बसतो. त्याच पद्धतीत शिफ्ट धरून एन दाबले की ‘ळ’ मिळतो. ज्यांना रोमन अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय आहे, त्यांच्यासाठी उच्चारानुसारी कीबोर्डही आहेत.

अडचण येते ती कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या मजकुराची. तो युनिकोडमध्ये नसल्यामुळे तो फाँट नसलेल्या कोणत्याही संगणकावर, विंडोजवरसुद्धा, अगम्य दिसतो. असा मजकूर एकदा युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतला की प्रश्न मिटतो.

गैरसमज ४ : लिनक्स पाहायचे तर आधी विंडोज आणि सगळे फोटो पुसावे लागतात.

वस्तुस्थिती : पाहण्यासाठी काहीच पुसावे लागत नाही. मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते. ती मोबाइलच्या पॅकवर दोन दिवसांत विभागून उतरवता येते. रूफस किंवा बलेना-एचर या मोफत साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे त्यात जाते, म्हणून तो रिकामाच घ्या. संगणक सुरू होताना एफ-१२, एस्केप किंवा त्या कंपनीने ठरवलेले बटण दाबून पेनड्राइव्ह निवडला की लिनक्स थेट त्यावरूनच चालू होते. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. हार्डडिस्कला धक्का लागत नाही. या वेळी वेग थोडा कमी वाटेल, कारण काम पेनड्राइव्हवरून चाललेले असते.

पुढे कायमचे बसवताना विंडोजच्या शेजारी लिनक्स ठेवता येते. सावध राहायचे ते याच टप्प्यावर. ‘इरेझ डिस्क’ हा पर्याय निवडला तर सगळे जाते. म्हणून फोटो, गुणपत्रिका आणि जमिनीच्या कागदांच्या स्कॅन प्रती आधी दुसऱ्या डिस्कवर घ्याच. विंडोजवर बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. विजेचा भरवसा नसेल तर लॅपटॉपची बॅटरी किंवा यूपीएस असल्याशिवाय हे काम सुरू करू नका.

गैरसमज ५ : लिनक्सला व्हायरस लागतच नाही.

वस्तुस्थिती : हा भीतीचा नव्हे, कौतुकाचा गैरसमज आहे. घरगुती लिनक्सवर हल्ले कमी होतात, पण होतच नाहीत असे नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी चोरवाट घुसवल्याचे उघड झाले. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खोदून पाहणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते पकडले. कोड उघडा होता म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आले. पण त्याचबरोबर उघडा कोड आपोआप निर्धोक होत नाही, हेही त्यातून दिसले. अपडेट वेळेवर घ्या आणि सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. फसव्या लिंकवर ओटीपी दिला तर कोणतीही प्रणाली पैसे वाचवणार नाही.

गैरसमज ६ : विंडोजवरचे सगळे काही यावर चालते.

वस्तुस्थिती : नाही. ब्राउझरमधली कामे, म्हणजे सातबारा पाहणे, परीक्षेचे अर्ज, बँक, व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग, सहसा निर्वेध होतात. पण कोरलड्रॉ, फोटोशॉप, दुकानात बसवलेले टॅली, बोटांचे ठसे घेणारी काही यंत्रे, डिजिटल सहीचे काही टोकन ही मुख्यतः विंडोजसाठी बनलेली असतात. ‘वाइन’ या साधनाने विंडोजचे काही सॉफ्टवेअर चालते, पण त्यावर धंदा अवलंबून ठेवू नये. ज्यांचे पोट अशा कामावर आहे, त्यांनी विंडोज राखावे आणि लिनक्स शेजारी ठेवावे.

गैरसमज ७ : गावात शिकवणारे कोणी नाही.

वस्तुस्थिती : आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे धडे मराठी आवाजात, विनामूल्य मिळतात. एका बाजूला धडा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच करून पाहायचे, अशी त्याची रचना आहे.

ज्या घरात अभ्यास, लिखाण, ब्राउझिंग आणि सिनेमे एवढ्यासाठीच संगणक लागतो, तिथे जुन्या यंत्रावर लिनक्स टाकणे हा शहाणपणाचा निर्णय आहे. नव्या लॅपटॉपसाठी कर्ज काढण्याआधी आणि जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एक पेनड्राइव्ह तयार करून स्वतः पाहा. पाहूनही पटले नाही, तर पेनड्राइव्ह काढून घ्या. तुमचे विंडोज होते तसेच आहे.