चित्र बघायला कुठून सुरुवात करावी?

रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश. चित्रकलेचे हे मूलभूत घटक शाळेच्या चित्रकलेच्या तासाला ऐकले असतील आणि विसरलेही असाल. यादी पाठ करू नका, एकच चित्र नीट बघा.

सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. (अनेकजण ते राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात, ते चूक.) एक बाई हातात दिवा घेऊन उभी, दुसरा हात ज्योतीसमोर आडवा. बोटांतून लालसर उजेड झिरपतो.

आता गंमत बघा. ज्योत आपल्याला दिसतच नाही! उजेड दिसतो तो छटेमुळे, म्हणजे रंगाच्या फिकट-गडदपणामुळे. चेहऱ्याजवळ फिकट छटा, पदराकडे जाताना गडद, मागे जवळजवळ काळोख. तो काळोख म्हणजे अवकाश. रिकामा वाटतो, पण तो काढला तर दिवा विझलाच समजा. आणि हे जलरंगात! जलरंगात कागदाचा पांढरेपणाच उजेडाचं काम करतो, म्हणून तो आधीपासून राखावा लागतो. माझ्या मते छटा हा सगळ्यात दुर्लक्षित घटक आहे. नवशिके उगाच रंगांच्या मागे धावतात.

रेषा आणि आकारासाठी वारली चित्रं बघा: दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस उभा. पोतासाठी, म्हणजे पृष्ठभाग कसा जाणवतो ते बघायला, चित्रकार वासुदेव गायतोंडे, पण त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

आज हळदणकरांचं चित्र मोबाइलवर उघडा, कृष्णधवल करा आणि उजेड टिकतो का ते कमेंटमध्ये सांगा.