देवघरांतील शाळिग्राम आणि भांडगांवचा काळा पाषाण

आपल्यापैकीं पुष्कळांच्या देवघरांत तुळशीपत्राखालीं शाळिग्राम असतो. त्याच्या पोटांतील वळणदार चक्र हें विष्णूचें चिन्ह मानलें जातें. भूगर्भशास्त्रज्ञ त्याच चक्रास अमोनाइट नांवाच्या सागरी प्राण्याचें कवच म्हणून ओळखतात. हा प्राणी म्हाकुळाच्या कुळांतला. त्याच्या कवचांत पडदे घालून केलेले अनेक कप्पे असत. शेवटच्या मोठ्या कप्प्यांत तो स्वतः राही आणि मागच्या कप्प्यांतील वायूच्या योगानें पाण्यांत तरंगे.

शाळिग्राम नेपाळांत मुक्तिनाथच्या परिसरांतून गंडकीच्या पात्रांत येतात. सुमारें १५ कोटी वर्षांपूर्वीं तेथें टेथिस समुद्र होता. त्याच्या तळच्या गाळांत हीं कवचें पुरलीं गेलीं, गाळाचा दगड झाला आणि पुढें हिमालयाबरोबर तो वर उचलला गेला. कच्छांतही अमोनाइट विपुल आहेत. वागेन यांनीं १८७३ ते १८७५ या काळांत त्यांचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें.

मग आपल्या नद्यांत असा दगड मिळेल काय? पुण्याहून सोलापूरच्या वाटेवरील दौंड तालुक्यांतलें भांडगांव घ्या. तेथील काळा पाषाण सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं जमिनीवर पसरलेल्या तप्त लाव्हारसाचा आहे. त्यांत समुद्राचा जीव कोठून येणार? नदी आपल्या वाटेवरचेच दगड वाहून आणते, आणि दौंडपर्यंत भीमेची सारी वाट याच पाषाणावरून जाते. म्हणून "भीमेंत सांपडलेलें चक्र" कोणी विकावयास आणलें, तर तें अन्यत्रचें किंवा कोरीव समजावें. नागपूरजवळ टाकळी येथें लाव्ह्याच्या थरांमधील गाळांत शंख मिळतात खरे. परंतु ते गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे. त्यांच्या पोटांत पडदे नसतात, आणि त्यांचा पेच शिखरासारखा वर चढतो. अमोनाइटाचीं वळणें बहुधा एकाच पातळींत असतात व आंतून बाहेर क्रमानें रुंदावत जातात.

संग्राहकांस एकच विनंती. चक्र पाहण्याच्या हौसेनें अखंड गोटा फोडूं नये, आणि प्रत्येक नमुन्यासोबत तो कोठें व केव्हां मिळाला याची चिठ्ठी ठेवावी. स्थळ हरवलें कीं शास्त्राच्या दृष्टीनें दगड मुका होतो. आजोबांनीं शाळिग्राम कोठून आणला, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच तें विचारून लिहून ठेवावें; पूजेस त्यानें कांहींच बाध येत नाहीं.