केस गळाले म्हणून कळलं

डोक्याला पट्टी बांधावी तसा गोलाकार टकलाचा पट्टा. असे डोक्याचे फोटो २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आले आणि सीटी स्कॅनचा डोस हा एकदम चव्हाट्यावरचा विषय झाला.

सुरुवात झाली लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात. पक्षाघाताच्या संशयावरून मेंदूचा सीटी काढून गेलेल्या एका रुग्णानं ऑगस्ट २००९ मध्ये केस गळत असल्याची तक्रार केली, म्हणून जुन्या नोंदी उघडल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये मशीनची सेटिंग बदलली होती. तेव्हापासून अठरा महिने, २०६ जणांना ठरल्यापेक्षा आठपट किरण! डोसचा आकडा दर वेळी पडद्यावर उमटत होता. कुणी पाहिलाच नाही. त्याच कॅलिफोर्निया राज्यात आर्केटा गावी अडीच वर्षांच्या एका मुलाला पासष्ट मिनिटांत १५१ वेळा स्कॅन केलं गेलं होतं.

किरणांची भीती तशी जुनी. राँटगेननं क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली या किरणांपुढे हात धरधरून जळला, हात कापावे लागले, १९०४ मध्ये गेलाच. १९५६ मध्ये डॉ. अॅलिस स्टुअर्ट यांनी गरोदरपणातल्या एक्स-रेचा संबंध मुलांच्या कॅन्सरशी जोडला, तर डॉक्टर मंडळींनी वर्षानुवर्षं नाकं मुरडली.

मग सीटी आला. अमेरिकेत १९८० च्या सुमारास वर्षाला तीसेक लाख स्कॅन होत. २००७ पर्यंत सहा कोटींच्या वर गेले. त्याच वर्षी ब्रेनर आणि हॉल या संशोधकांनी अंदाज मांडला, की देशातल्या दीड-दोन टक्के कॅन्सरमागे सीटी असू शकेल. अंदाजच तो, त्यावर वादही झडले. कोर्टातली अडचणही हीच. गळालेले केस दाखवता येतात. वीस वर्षांनी झालेला कॅन्सर अमुक स्कॅनमुळेच, हे सिद्ध कसं करणार? खटले झाले, पण माझ्या मते खरं काम केलं कॅलिफोर्नियाच्या २०१० च्या कायद्यानं: जुलै २०१२ पासून सीटीचा डोस नोंदवणं सक्तीचं.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे, तेही मुंबईत. तंत्रज्ञाच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असतो, त्याला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा असते. रुग्णाला मर्यादा नाही, आणि ते बरोबरच आहे. गरजेची तपासणी आकड्यासाठी अडू नये. पण मग ती गरजेची आहे की नाही, हे डॉक्टरनं ठरवायला हवं.

कोविडात काय झालं, आठवा. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटीचा, दर दोन ते तीन हजारांवर बांधला, हे चांगलंच केलं. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे छातीचे तीन-चारशे एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं लगेच खोडून काढलं: हा जुना हिशेब, आता पाच-दहाच. सामान्य माणूस मात्र फोनवर फुप्फुसांच्या संसर्गाचं एकच विचारत होता, ‘स्कोअर किती?’ पंचवीसपैकी आठ, पंचवीसपैकी बारा. डोस किती, हे कुणीच विचारलं नाही.

आजची मशीन तो आकडा स्वतःच काढते. पुढच्या वेळी सीटी काढलात तर रिपोर्टसोबत ते डोसचं पानही मागून घ्या, आणि जुन्या फिल्म टाकू नका.