ठेव बुडते ती किती? समज आणि कायदा

24 नोव्हेंबर 2021 रोजी रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला 10,000 रुपयांपेक्षा जास्त काढता येईना. जुलै 2023 मध्ये परवानाच रद्द झाला. तरीही 97 टक्क्यांहून अधिक ठेवीदार पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र असल्याचे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. हे कसे, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक ठेवीदाराला ठाऊक हवे.

गैरसमज : बँक बुडाली की सगळे गेले.
वस्तुस्थिती : ठेव विमा महामंडळाचे (डीआयसीजीसी) संरक्षण 4 फेब्रुवारी 2020 पासून 1 लाखावरून 5 लाखांवर गेले. हप्ता बँक भरते, ठेवीदार नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर परवाना रद्द होण्याची वाट पाहावी लागत नाही. निर्बंध आल्यापासून साधारण 90 दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यासाठी ठेवीदाराने संमतीपत्र आणि ओळखीची कागदपत्रे वेळेत द्यायला हवीत.

गैरसमज : तीन शाखांत पाच-पाच लाख ठेवले, म्हणजे पंधरा लाख सुरक्षित.
वस्तुस्थिती : एकाच बँकेच्या सर्व शाखांतल्या एका नावावरच्या ठेवी मुद्दल-व्याजासह एकत्र मोजतात. वेगळ्या बँकेतली ठेव मात्र वेगळी धरतात. 5 लाखांवरचे पैसे अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून राहतात.

गैरसमज : पतसंस्था म्हणजे बँकच.
वस्तुस्थिती : नाही. पतसंस्थेवर राज्याच्या सहकार खात्याचे, एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या (मल्टिस्टेट) संस्थेवर केंद्रीय निबंधकांचे नियंत्रण असते. कितीही मोठी संस्था असली तरी तिथल्या ठेवीला हा विमा नाही. पैसे थकले तर 1999 च्या ठेवीदार हितसंरक्षण (एमपीआयडी) कायद्याखाली पोलिसांत गुन्हा नोंदवता येतो. ग्राहक आयोगाचे दारही उघडे असते.

गैरसमज : दाद मागायची तर वकील आणि मुंबईच्या खेपा.
वस्तुस्थिती : आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते; बँक त्या योजनेत आहे का, तेवढे पाहा. बुलढाण्यातल्या जिल्हा ग्राहक आयोगातही वकील सक्तीचा नाही, आणि मोबदला (भरलेली रक्कम) 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

जादा व्याजाची जाहिरात पाहिल्यावर पहिला प्रश्न दराचा नको. ही संस्था विमाधारक बँकांच्या यादीत आहे का, हे आधी विचारा. उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते जादा व्याज आपल्याच जोखमीची किंमत असते.