तूर परदेशातून का येते?

जगात सर्वांत जास्त डाळी भारतात पिकतात, सर्वांत जास्त खाल्ल्याही इथेच जातात, आणि तरी डाळींची सर्वांत मोठी आयातही भारतच करतो. हे विसंगत वाटते, पण देश बाहेरून माल आणतात तो केवळ घरी पिकत नाही म्हणून नव्हे. तुरीचेच पाहा. आपल्याकडे जूनमध्ये पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येते आणि पुढचा पावसाळा संपता संपता साठा आटतो. नेमकी त्याच सुमारास विषुववृत्तापलीकडच्या मोझांबिक आणि मलावीतली नवी तूर तयार असते. म्यानमारमध्ये तर तूर पिकते ती मुख्यतः भारतासाठी. शिवाय तूर सहा महिने रान अडवते आणि बहुतेक ठिकाणी ती कोरडवाहू असते. गहू-तांदळासारखी सरकारी खरेदीची खात्री तिला वर्षानुवर्षे नव्हती. म्हणून पाऊस हुकला की तुटवडा ठरलेला. ऑक्टोबर 2015मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली, तेव्हा आयात नसती तर गरिबाच्या ताटातले वरण आणखी पातळ झाले असते.

तेव्हा आयात बंद करा, हा उपाय नव्हे. दुखणे आहे ते आयातीच्या वेळेत. त्या भाववाढीनंतर शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, पाऊसही चांगला झाला आणि देशातले तुरीचे उत्पादन सुमारे 25 लाख टनांवरून 2016-17मध्ये 48 लाख टनांच्या आसपास गेले. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5,050 रुपये होता, पण मराठवाडा-विदर्भातल्या बाजार समित्यांत तूर त्याहून बरीच खाली विकली गेली. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या आणि बारदाना नाही म्हणून मापे थांबत होती. त्याच वर्षी परदेशी तूरही बंदरांत उतरतच होती. आयातीवर वार्षिक मर्यादा आली ती ऑगस्ट 2017मध्ये. तोवर गरजू शेतकऱ्याने माल कधीच विकून टाकला होता.

ग्राहकाला स्वस्त डाळ मिळते, मग तक्रार कशाची, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. रोज मजुरी करणाऱ्याला प्रथिनांसाठी धान्याबरोबर डाळीचाच आधार असतो. पण आज मातीमोल भाव मिळालेला शेतकरी पुढच्या जूनमध्ये सोयाबीनकडे किंवा कपाशीकडे वळतो, आणि मग त्याच मजुराला वर्षा-दोन वर्षांत महाग डाळ घ्यावी लागते. दुसरा आक्षेप असा की, दुष्काळ पडला तर सरकारचे हात मोकळे हवेत. त्यासाठीच तर डाळींचा राखीव साठा उभारला आहे. आधी तो बाजारात आणावा, शुल्काला हात नंतर लावावा. किती डाळ आणि किती शुल्काने येणार, हे केंद्र सरकारने दरवर्षी पेरणीपूर्वी, मे महिन्यातच जाहीर करावे, शुल्क असे ठेवावे की आयात केलेली तूर हमीभावाखाली बंदरात पडणार नाही, आणि काढणीचा माल विकला जाईपर्यंत त्यात फेरफार करू नये.